कॅन्व्हास बदलले म्हणजे नेमके काय बदलले?

बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे तीन वर्षांपासून राहणाऱ्या आणि डच भाषा शिकणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारले आहे की, भाषावर्गातील शिक्षिका 'कॅन्व्हास ही वाहिनी पाहत जा' असे सांगतात, शेजारचे सत्तरीतले गृहस्थ 'ते कॅन्व्हास आता राहिले नाही' असे म्हणतात, आणि पडद्यावर तर नावच 'व्हीआरटी कॅन्व्हास' असे दिसते. तेव्हा ही वाहिनी मुळात कशासाठी होती, ती का बदलत गेली, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीत तथ्य किती?

मी या व्यवसायात कार्यक्रम-आखणीचे काम केले आहे. मुंबईत ज्याला आम्ही 'एफपीसी' म्हणतो, म्हणजे आठवड्याच्या कोणत्या वारी कोणत्या वेळेला काय दाखवायचे याचा तक्ता, तो बनवणे हे माझे काम. पहिली काही वर्षे ते मराठी वाहिन्यांसाठी केले आणि नंतरची बरीच वर्षे बेल्जियम व नेदरलँड्स येथील निर्मात्यांसाठी. त्यामुळे माझे उत्तर तक्त्याच्या बाजूने येईल. प्रेक्षक वाहिनीची ओळख बोधचिन्हावरून, रंगांवरून आणि निवेदकांवरून लक्षात ठेवतो. तक्ता बनवणाऱ्याला मात्र ती शेजारच्या वाहिनीकडे पाहूनच कळते. दुसऱ्या क्रमांकाच्या सरकारी वाहिनीला स्वतःची ओळख क्वचितच निवडता येते, कारण पहिल्या वाहिनीला काय नको आहे यावरून ती ठरत असते. कॅन्व्हास ही बेल्जियममधील डच भाषिकांच्या सरकारी प्रसारण-संस्थेची, म्हणजे आजच्या व्हीआरटीची, अशीच दुसरी वाहिनी, आणि तिचा सगळा इतिहास मला याच दृष्टीने वाचावासा वाटतो.

आधी थोडी पूर्वपीठिका. बेल्जियममध्ये दूरचित्रवाणी 31 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाली, ती डच आणि फ्रेंच या दोन्ही भाषांतून, एकाच राष्ट्रीय संस्थेच्या छपराखाली. 1960 च्या कायद्याने डच भाषिकांची बीआरटी आणि फ्रेंच भाषिकांची आरटीबी अशा दोन संस्था वेगळ्या झाल्या, तरी ब्रुसेल्समधील इमारत मात्र त्यांनी पुढे दीर्घकाळ वाटून घेतली. बीआरटीची दुसरी वाहिनी 1977 च्या एप्रिलमध्ये आली. तिला नाव म्हणावे असे नावही नव्हते. पहिली ती एक आणि दुसरी ती दोन, एवढेच. डच भाषेत त्या काळी दुसरी सरकारी वाहिनी नव्हतीच असे मात्र नाही. नेदरलँड्सच्या वाहिन्या फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच भाषिक भागात, दिसत, आणि बेल्जियम हा जगातील सर्वाधिक केबल पसरलेल्या देशांपैकी एक असल्यामुळे घरोघरी बीबीसी, फ्रेंच आणि जर्मन वाहिन्याही येत. म्हणजे खासगी वाहिन्या येण्यापूर्वीच फ्लेमिश प्रेक्षकाला निवडीची सवय लागलेली होती. फक्त ती निवड परक्या घरातील होती. आपल्या घरात मात्र एकच दुकान होते. अशा स्थितीत दुसऱ्या वाहिनीवर लांबलेली क्रीडास्पर्धा, मैफल, चित्रपट आणि पुनःप्रसारण असे जे पहिल्या वाहिनीत मावत नव्हते ते टाकले जाई, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

ही निवांत स्थिती 1 फेब्रुवारी 1989 रोजी संपली. त्या दिवशी व्हीटीएम ही पहिली फ्लेमिश खासगी वाहिनी सुरू झाली. तिला फ्लँडर्समधील दूरचित्रवाणी-जाहिरातींचा एकाधिकार देण्यात आला होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिने लोकांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत, त्यांच्याच उच्चारांत, सोपी करमणूक दिली. सरकारी संस्थेचा प्रेक्षक इतक्या वेगाने निघून गेला की, पुढची काही वर्षे संस्था चालवणाऱ्यांची झोप उडाली. 1991 मध्ये बीआरटीचे नाव बीआरटीएन झाले. पण नावाच्या शेवटी एक अक्षर वाढवल्याने प्रेक्षक परत येत नाहीत, हे सर्वांना लवकरच कळून चुकले. या काळातील दुसऱ्या वाहिनीची एक गोष्ट मात्र टिकाऊ ठरली. 1994 मध्ये तिच्यावर 'तेरझाके' हा चालू घडामोडींचा कार्यक्रम सुरू झाला. नावाचा अर्थ साधारण 'आता मुद्द्यावर येऊ' असा. आज कॅन्व्हासचा कणा म्हणून जो कार्यक्रम ओळखला जातो, तो कॅन्व्हासपेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे, हे ध्यानात ठेवावे.

खरा बदल 1997 मध्ये झाला, आणि तो कागदावर आधी झाला. संस्थेला सार्वजनिक कायद्याखालील कंपनीचे रूप देण्यात आले आणि तिच्यात व फ्लेमिश सरकारात पाच वर्षांचा एक करार झाला. त्याला डचमध्ये 'बेहेर्स-ओव्हरएनकोम्स्ट' म्हणतात. आपण व्यवस्थापन-करार म्हणू. सरकारने पैसा किती द्यायचा आणि त्या बदल्यात संस्थेने काय साधायचे, हे या करारात लिहिलेले असते. पहिला करार 1997 ते 2001 या काळाचा होता. तेव्हापासून फ्लेमिश सरकारी वाहिन्यांच्या प्रत्येक बदलाच्या मागे असा एखादा करार सापडतो, आणि म्हणूनच कोणी मला 'अमुक वाहिनीचा सूर का बदलला' असे विचारले की मी आधी त्या वर्षीचा करार पाहतो, मग पडदा. करारात जेव्हा माहिती, संस्कृती, मुले, क्रीडा अशा प्रत्येक प्रांतात किती लोकांपर्यंत पोहोचायचे हे स्वतंत्रपणे लिहिले जाते, तेव्हा सगळे एकाच वाहिनीवर ठेवणे अशक्य होते. पहिल्या वाहिनीने व्हीटीएमशी सरळ झुंज द्यायची असेल, तर मुलांचे कार्यक्रम आणि गंभीर कार्यक्रम तिच्या संध्याकाळच्या वाटेतून दूर केले पाहिजेत. ते दूर करून ठेवायचे कुठे? उत्तर उघड होते.

1 डिसेंबर 1997 रोजी दुसऱ्या वाहिनीच्या जागी 'केटनेट' आणि 'कॅन्व्हास' अशी दोन नावे आली. वाहिनी एकच; दिवसा आणि सायंकाळी मुलांचे केटनेट, साधारण आठच्या सुमारास तिथेच मोठ्यांचे कॅन्व्हास. 'केट' हा ब्रुसेल्सच्या बोलीतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ गल्लीत हुंदडणारे पोर असा होतो. कॅन्व्हास म्हणजे चित्रकाराचे कापड, हे सांगायला नकोच. एक गंमत येथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे ती उपयोगी पडेल: संस्थेला व्हीआरटी हे नाव मिळाले 1 जानेवारी 1998 रोजी. म्हणजे कॅन्व्हास हे नाव व्हीआरटी या नावापेक्षा एका महिन्याने जुने आहे.

दोन वाहिन्यांनी एक जागा वाटून घेणे हा प्रकार आपल्याकडील दोन अधिवेशनांच्या शाळेसारखा असतो. सकाळच्या वर्गाने बाकावर कोरलेले नाव दुपारच्या वर्गाला दिसते, फळा पुसलेला नसतो, आणि घंटा झाली तरी आधीच्या वर्गाचे शिक्षक बाहेर पडत नाहीत. तक्ता बनवणाऱ्याच्या दृष्टीने ही व्यवस्था अतिशय अवघड असते, कारण सामान्यतः आठ वाजताच्या कार्यक्रमाला साडेसातच्या कार्यक्रमातून प्रेक्षक मिळतो. येथे साडेसातला दहा वर्षांचे मूल बसलेले असे आणि आठ वाजता त्याच पडद्यावर राज्यघटनेवरील वाद किंवा युद्धावरील माहितीपट सुरू होई. कॅन्व्हासला आधीच्या कार्यक्रमाचा प्रेक्षक कधीच मिळाला नाही. प्रत्येक संध्याकाळी त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागे. त्यामुळे कॅन्व्हासची ओळख जाणूनबुजून तीव्र ठेवण्यात आली: गडद रंग, शांत निवेदन, आणि आठ वाजता जणू दिवा मंद करून दुसऱ्याच घरात शिरल्यासारखे वाटावे अशी मांडणी. पुष्कळ लोक ज्याला 'जुन्या कॅन्व्हासचा रुबाब' म्हणतात, त्याचा मोठा भाग या अडचणीतून जन्मला आहे, असे माझे ठाम मत आहे.

या वाहिनीच्या प्रेक्षकासाठी एक शब्द रूढ झाला होता, 'मेरवार्डेझूकर', म्हणजे 'अधिक काही शोधणारा'. जाहिरातक्षेत्रातून आल्यासारखा वाटणारा हा शब्द पुढे थट्टेचा विषय झाला, कारण त्यात इतर प्रेक्षक कमी शोधतात असे सूचित होते. पण आखणीच्या दृष्टीने तो शब्द हुशारीचा होता. त्याने प्रेक्षकाची व्याख्या वय, उत्पन्न किंवा शिक्षण यांवरून केली नाही, वृत्तीवरून केली. त्यामुळे क्वीन एलिझाबेथ संगीतस्पर्धेची अंतिम फेरी, बीबीसीचे निसर्गपट, स्कँडिनेव्हियन गुन्हेमालिका आणि विक्षिप्त विनोद हे सगळे एकाच वाहिनीवर नांदू शकले.

विक्षिप्त विनोद हा शब्द मी विचारपूर्वक वापरला. कॅन्व्हास म्हणजे फक्त गंभीर चर्चा, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. 2000 आणि 2001 मध्ये कॅन्व्हासवर 'इन द ग्लोरिया' ही यान एलेन यांची प्रहसनमालिका दाखवली गेली, आणि तिच्यातील एक प्रसंग बहुधा आपणही पाहिलेला असेल, तो फ्लेमिश आहे हे ठाऊक नसताना. एका चर्चा-कार्यक्रमात वैद्यकीय चुकीमुळे आवाज चिरका झालेला पाहुणा बोलू लागतो, आणि सूत्रसंचालकाला हसू आवरेनासे होते. ही चित्रफीत जगभर 'खरा घडलेला प्रसंग' म्हणून फिरली, आणि व्हॉट्सअॅपवर अजूनही फिरते. त्यातील सूत्रसंचालक एरिक हार्टमन हे काल्पनिक पात्र असून ते टॉम व्हान डाइक या अभिनेत्याने साकारले आहे. दूरचित्रवाणीच्या ढोंगी सहानुभूतीची एवढी नेमकी खिल्ली दूरचित्रवाणीच्याच एका सरकारी वाहिनीने उडवावी, हे कॅन्व्हासच्या त्या काळातील ओळखीचे चांगले उदाहरण आहे. पहिल्या वाहिनीवर हा विनोद चालला नसता असे मी म्हणत नाही. तेथे तो करून पाहण्याचा धोका कोणी पत्करला नसता, एवढेच म्हणतो.

आता या व्यवस्थेतील दुखरी जागा. दुसऱ्या वाहिनीवर जे रुजते ते पहिली वाहिनी उचलून नेते. ब्रुसेल्समधील ज्या रस्त्यावर व्हीआरटीचे कार्यालय आहे, त्याच्या नावावरून 'रेयर्स लात' हा रात्रीचा चर्चा-कार्यक्रम कॅन्व्हासवर 2010 मध्ये सुरू झाला. लिव्हन व्हान खिल्स यांनी त्याला नाव मिळवून दिले, आणि 2015 मध्ये ते स्वतःच्या नावाच्या नव्या कार्यक्रमासह पहिल्या वाहिनीवर गेले. कॅन्व्हासने त्यांच्या जागी 'द आफ्स्प्राक' सुरू केला, जो थोड्याच काळात राजकारणी आणि संपादक ज्याची दखल घेतात असा कार्यक्रम झाला. पुढच्याच वर्षी शोधपत्रकारितेचेही असेच झाले: कॅन्व्हासवर दिसणारी 'पॅनोरामा' ही जुनी मालिका संपली आणि तिच्या जागी 'पानो' आले, तेही पहिल्या वाहिनीवर. संस्थेच्या दृष्टीने यात गैर काही नाही; चांगला कार्यक्रम जास्त लोकांनी पाहावा, हे सार्वजनिक वाहिनीचे कामच आहे. परंतु रोपवाटिकेतून दरवर्षी जोमदार रोपे काढून नेल्यावर 'येथे झाडे का दिसत नाहीत' असे विचारण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. उलट दिशेचा प्रवासही झाला, तो बाहेरून. 'द इडेआले वेरेल्ट' हा उपरोधिक बातम्यांचा कार्यक्रम एका खासगी वाहिनीवर वाढला आणि 2016 पासून कॅन्व्हासवर आला.

दरम्यान पहिल्या वाहिनीने 21 जानेवारी 2005 रोजी 'टीव्ही1' हे नाव सोडून 'एन' हे नाव घेतले. डचमध्ये त्याचा अर्थ 'एक' असाच होतो, पण अंकाऐवजी अक्षरांत लिहिल्यामुळे त्यात 'एकत्र' असाही भाव आला. सगळ्या कुटुंबाची, उबदार, हसतमुख वाहिनी असे तिचे रूप पक्के झाले. हा बदल कॅन्व्हासच्या घरात झाला नव्हता, तरी कॅन्व्हासची ओळख त्याने बदलली: शेजारचे घर जितके उजळ रंगवले जाते तितके आपले घर अधिक काळोखे दिसू लागते. 2005 नंतरच्या काही वर्षांत 'कॅन्व्हास उच्चभ्रूंचे आहे' ही तक्रार वाढली, ती कॅन्व्हास अधिक उच्चभ्रू झाल्यामुळे वाढली असे मला वाटत नाही.

2012 मध्ये केटनेटला स्वतंत्र जागा मिळाली. व्हीआरटीने तिसरी वाहिनी उघडली. तिच्यावर दिवसा केटनेट आणि रात्री 'ओपी12' अशी नवी जोडी आली. ओपी12 वर तरुणांसाठी, परभाषकांसाठी आणि जास्तीच्या क्रीडास्पर्धांसाठी जागा ठेवली होती. खर्च परवडेना म्हणून ती 2014 च्या अखेरीस बंद झाली. कॅन्व्हास मात्र पंधरा वर्षांनी प्रथमच पूर्ण दिवसाचे मालक झाले, आणि येथेच एक विरोधाभास दिसला. संध्याकाळी आठला घंटा वाजून सुरू होणारी वाहिनी आता कधीच बंद नव्हती. आणि दिवसाचे चोवीस तास भरायला जेवढा पैसा लागतो तेवढा कोणीही दिला नव्हता. म्हणून दिवसा पुनःप्रसारण, बातम्यांची आवर्तने आणि भरपूर क्रीडा आली. शनिवारी-रविवारी कॅन्व्हास लावले की सायकल-शर्यत किंवा चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन धावणारे स्पर्धक दिसावेत, हे आपल्या शेजाऱ्यांना खटकत असेल तर मी समजू शकतो. जागा वाढली आणि कडा बोथट झाली. वाहिन्यांच्या जगात हे वारंवार घडते, पण इतके स्वच्छ उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

येथे नेदरलँड्सचा उल्लेख आवश्यक आहे, कारण भाषा एकच असल्यामुळे आपल्यासारखे नवागत दोन्ही देशांच्या वाहिन्या एकाच पंगतीत बसवतात. तेथील व्यवस्था मुळातच निराळी आहे. हिल्व्हरसम या शहरातून चालणारे तेथील सार्वजनिक प्रसारण हे कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी, उदारमतवादी अशा समाजगटांतून उभ्या राहिलेल्या सभासद-संस्थांचे मिळून चालते. वाहिनी ही फक्त ओटा, त्यावर बसणारे हे निरनिराळे संघ. त्यामुळे वाहिनीचे चारित्र्य आमूलाग्र बदलले तरी संघाची ओळख टिकते. नेदरलँड्सची तिसरी वाहिनी 4 एप्रिल 1988 रोजी सुरू झाली, नव्वदच्या दशकात व्हीपीआरओ आणि व्हारा या संघांचे घर म्हणून ती बुद्धिवादी मानली जाई, आणि 2006 च्या सप्टेंबरमध्ये नव्या आखणीनुसार तीच तरुणांची वाहिनी ठरली. खोल, विश्लेषक कार्यक्रम दुसऱ्या वाहिनीकडे गेले. 2014 मध्ये त्यांना एनपीओ 1, 2, 3 अशी नावे मिळाली. एवढी उलथापालथ होऊनही व्हीपीआरओचा चाहता गोंधळला नाही, कारण त्याने संघाचे चिन्ह शोधले. फ्लँडर्समध्ये संस्था एकच आहे आणि संघ नाहीत. तेथे प्रेक्षकाला धरून ठेवायला वाहिनीचे नाव सोडून दुसरे काही नसते. म्हणूनच कॅन्व्हासच्या नावाला किंवा वेळेला हात लागला की वर्तमानपत्रांत पत्रे येतात, आणि हिल्व्हरसममधल्या त्याहून मोठ्या बदलांवर लोक खांदे उडवतात.

आता ओळखीची दुसरी बाजू, जी मला सर्वांत मोलाची वाटते आणि जिच्याबद्दल तक्रार करणारे फारसे बोलत नाहीत. गेल्या दशकात कॅन्व्हास ही फ्लेमिश समाजाने स्वतःशी अवघड संवाद करण्याची जागा झाली आहे. 2017 मध्ये 'किंडरन व्हान द कोलाबोरासी' ही माहितीपट-मालिका आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्लेमिश लोकांची मुले, स्वतः आता वृद्ध झालेली, कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या वडिलांविषयी बोलली. हा विषय फ्लँडर्समध्ये किती दाबलेला होता, हे बाहेरच्या माणसाला सहज कळणार नाही. अनेक घरांत तीन पिढ्या तो जेवणाच्या टेबलावर येऊ दिला गेला नव्हता. मांडणी अगदी साधी: काळी पार्श्वभूमी, एक खुर्ची, एक चेहरा, थोडी छायाचित्रे, निवेदकाची लुडबूड नाही. 2018 मध्ये त्याच धाटणीने काँगोच्या वसाहतीविषयीची मालिका आली, आणि पुढच्याच वर्षी युद्धकाळातील प्रतिकार चळवळीतील लोकांच्या मुलांविषयीची. यातील वसाहतीवरील भाग आपण जरूर पाहावेत. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला जन्मलेल्या माणसाला त्यात ऐकू येणाऱ्या समर्थनांचा सूर फार ओळखीचा वाटेल.

मग 2023 च्या सप्टेंबरमध्ये 'गॉटफरगेटन' आली. नावाचा शब्दशः अर्थ 'देवाला विसरलेले', पण डचमध्ये तो संतापाचा शब्दही आहे. चर्चमधील लैंगिक अत्याचारांना बळी पडलेली माणसे या चार भागांत सलग, न थांबता बोलतात. प्रकरण नवे नव्हते. ब्रुगेचे बिशप रॉजर व्हांखेल्युव्ह यांनी 2010 मध्येच पायउतार होताना आपल्या पुतण्यावरील अत्याचाराची कबुली दिली होती. तरीही या मालिकेनंतर ब्रुसेल्समध्ये संसदीय चौकशा सुरू झाल्या, आणि 2024 च्या मार्चमध्ये पोपनी व्हांखेल्युव्ह यांचे धर्मगुरुपद काढून घेतले. तेरा वर्षे जे घडले नव्हते ते काही महिन्यांत घडले. एका दुसऱ्या क्रमांकाच्या वाहिनीवरील मालिकेचा हा परिणाम आहे, आणि तो प्रेक्षकसंख्येच्या तक्त्यात कोठेच दिसत नाही. सवयीने मी येथे आखणीचा एक मुद्दा जोडतो: अशी मालिका चालण्यासाठी तिच्या आधी आणि नंतर काय आहे हे फार महत्त्वाचे असते. प्रश्नमंजूषा आणि हवामान यांच्या मध्ये ती बसवता येत नाही. कॅन्व्हासने गेली पंचवीस वर्षे जपलेली शांतता हीच अशा मालिकेची खरी निर्मिती-सामग्री होती.

याच काळात वाहिनीखालची जमीन सरकत होती. व्हीआरटीने 2017 मध्ये इंटरनेटवरून पाहण्यासाठी 'व्हीआरटी नू' हे व्यासपीठ सुरू केले आणि 2022 मध्ये त्याचे नाव 'व्हीआरटी मॅक्स' झाले. 2023 मध्ये पहिली वाहिनी 'व्हीआरटी 1' झाली आणि कॅन्व्हासच्या आधीही 'व्हीआरटी' लागले. सरकारी अर्जावर आडनाव आधी लिहायला लावतात, तसाच हा प्रकार आहे. मोबाइलच्या पडद्यावर नेटफ्लिक्स आणि यूट्यूब यांच्या रांगेत उभे राहायचे तर घराण्याचे नाव पुढे हवे, हा त्यामागचा हिशेब मला योग्य वाटतो, आणि ज्या नावाच्या आधी एक महिना कॅन्व्हास जन्मले त्याच नावाखाली ते आता राहते, ही गंमत सोडली तर या नामांतराने फारसे बिघडले असे मला वाटत नाही.

बिघडले असेल तर ते वेगळ्या जागी. व्यासपीठावर आठ वाजत नाहीत. माणूस 'गॉटफरगेटन' शोधून पाहतो आणि निघून जातो. त्यानंतर जे लागले असते ते त्याच्यासमोर येत नाही. कॅन्व्हासची मूळ ओळख जोडणीत होती: 'तेरझाके' संपले की चर्चा, तिच्यामागून एखादा माहितीपट, आणि झोपण्यापूर्वी 'विंटरयूर'सारखा दहा मिनिटांचा कार्यक्रम, ज्यात विम हेल्सन यांच्यासमोर बसून पाहुणा आपल्या आवडीचा एक उतारा किंवा कविता वाचून दाखवी. दहा मिनिटे कविता पाहायची म्हणून कोणी मोबाइल उघडत नाही. ती वाटेत भेटते म्हणून माणूस थांबतो. व्यासपीठावर वाट नसते. आपल्या शेजाऱ्यांना जे हरवल्यासारखे वाटते ते हेच असावे असा माझा अंदाज आहे, मग ते दोष कशालाही देवोत. कार्यक्रम उथळ झाले, ही त्यांच्या तक्रारीची दुसरी बाजू असेल, तर ती मात्र मला मान्य नाही. 2001 मधील एखाद्या साध्या मंगळवारचा पूर्ण तक्ता काढून पाहिला तर त्यात आठवणीत न राहिलेले पुष्कळ काही सापडते.

शेवटी भाषेविषयी, कारण आपला मूळ प्रश्न तेथून निघाला. शिक्षिकेचा सल्ला बरोबर आहे. व्हीआरटीने 1998 मध्ये, रुड हेंड्रिक्स या भाषा-सल्लागारांच्या काळात, भाषेविषयीचा एक जाहीरनामा केला आणि प्रमाण डच ही बातम्या व माहितीपर कार्यक्रमांची भाषा ठरवली. पहिल्या वाहिनीच्या कौटुंबिक मालिकांत आपल्याला प्रमाण आणि बोली यांच्या मधली, ज्याला तेथे 'तुसेनताल' म्हणतात, ती भाषा ऐकू येईल. ल्यूव्हेनच्या बाजारात तीच बोलली जाते आणि ती यथावकाश शिकावी लागेलच. पण कान तयार करायला 'तेरझाके' आणि, थोडी सवय झाल्यावर, 'द आफ्स्प्राक' बरे. सुरुवातीला 'द आफ्स्प्राक' टाळा. तेथे लोक एकमेकांचे बोलणे तोडतात आणि आदल्या आठवड्याचे राजकारण ठाऊक आहे असे धरून चालतात. 'किंडरन व्हान...' मालिकांपासून सुरुवात करा: वृद्ध माणसे, सावकाश बोलणे, एका वेळी एकच आवाज. टेलेटेक्स्टच्या 888 या पानावर डच उपशीर्षके मिळतात, व्यासपीठावर ती एका बटणाने येतात. शक्य झाले तर काही भाग शेजाऱ्यांसोबत बसून पाहा. काँगोवरील मालिका लावलीत तर उपशीर्षकांची गरज कमी पडेल, कारण ते मध्येच थांबवून स्वतःच बोलू लागतील.